रक्ताच्या अहवालातला वाढलेला आकडा

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्या लहान शस्त्रक्रियेआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, केली जाते आणि अहवालात एका आकड्यापुढे खूण दिसते. माणसाला मात्र काहीच त्रास होत नसतो. रक्ताचे दीर्घकालीन कर्करोग पुष्कळदा असेच प्रथम कागदावर दिसतात. म्हणून असा अहवाल पाहून घाबरून जाऊ नये आणि तो तसाच फाइलला लावूनही टाकू नये.

पांढऱ्या पेशी एका घनमिलिमीटरमध्ये साधारणपणे 4 ते 11 हजार असतात. जंतुसंसर्ग, स्टेरॉइडची औषधे आणि धूम्रपान यांमुळेही त्या वाढतात. त्यामुळे डॉक्टरांना आधीचे अहवाल हवे असतात: वाढ कालची आहे की वर्षभर हळूहळू चालू आहे, हे त्यांवरूनच कळते. ते तारखेनुसार जपून ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नुसत्या एकूण संख्येपेक्षा कोणती पेशी वाढली आहे, हे जास्त बोलके असते. त्यासाठी रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या दीर्घकालीन कर्करोगात एकसारख्या दिसणाऱ्या लहान लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दाटीने दिसतात आणि त्यांतल्या काही नाजूक पेशी थेंब पसरतानाच फुटून त्यांचे पुसट डाग उरतात. पेशींवरच्या खुणांवरून त्यांचा प्रकार ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्री या तपासणीत या पेशी एकाच कुळातल्या बी लिम्फोसाइट असल्याचे दिसले आणि त्यांची संख्या किमान 3 महिने 5 हजार किंवा त्याहून अधिक राहिली, तरच हे निदान होते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या दुसऱ्या दीर्घकालीन रक्तकर्करोगाचे चित्र वेगळे असते. अस्थिमज्जेतच वाढायला हव्यात अशा अपरिपक्व पेशी रक्तात उतरतात, प्लीहा वाढते, आणि एरवी ज्याकडे कोणी लक्ष देत नाही, तो बेसोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडाही वर जातो. अहवालातला तो रकाना अवश्य पाहावा, असे मी आवर्जून सांगेन. 1960 मध्ये फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले आणि 9 व 22 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तयार होते, हे 1973 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी दाखवले. त्यातून जन्मणारे बीसीआर-एबीएल जनुक आज रक्ताच्या नमुन्यातही शोधता येते. ते सापडणे फार मोलाचे आहे, कारण त्याच्यावर नेमका मारा करणाऱ्या गोळ्या 2001 पासून उपलब्ध आहेत.

हिमोग्लोबिन पुरुषांत 16.5 ग्रॅमच्या किंवा स्त्रियांत 16 ग्रॅमच्या वर (दर 100 मिलिलिटर रक्तात) टिकून असेल आणि गरम पाण्याच्या आंघोळीनंतर अंगाला खाज सुटत असेल, तर रक्तपेशी जास्त बनवणाऱ्या रक्तकर्करोगात बदललेल्या आढळणाऱ्या जॅक-2 जनुकाची तपासणी करतात. प्लेटलेट साडेचार लाखांवर राहिल्या, तर आधी लोहाची कमतरता आणि शरीरातला दाह तपासावा, कारण त्यांमुळेही प्लेटलेट वाढतात.

आणि लिम्फोसाइटच्या ल्युकेमियाचे निदान लवकरच्या टप्प्यात झाले, तरी अनेकांना लगेच औषध लागत नाही. ठरावीक अंतराने रक्त तपासत राहणे, एवढाच तेव्हाचा योग्य उपचार असतो.