नाव झाकल्यावरही

(पडद्यावर एक निबंध, समासात लाल शाईने 75.)

टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटी, 2018 ची प्रवेश परीक्षा. निबंध 100 गुणांचा. तपासनीसांनी गुण दिल्यावर सगळ्यांचे गुण 0.8 ने गुणले गेले. मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या प्रयत्नातल्या मुलांना वर 20 गुण, चौथ्या प्रयत्नातल्यांना 10. त्यापुढच्या मुलांना आणि सगळ्याच मुलींना काही नाही. म्हणजे 75 च्या निबंधाचे मुलाला 80, मुलीला 60.

इथे उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकून काय साधलं असतं? फेरफार तपासणीनंतरचा होता.

शाळेत मात्र मुलगा-मुलगी भेदाचा प्रश्न बहुतेकदा तपासणीतलाच असतो, आणि तो मोजता येतो. एकाच विद्यार्थ्याचे एकाच विषयातले दोन गुण घ्यायचे: ओळखणाऱ्या शिक्षकाने दिलेले आणि नाव न दिसणाऱ्या तपासनीसाने दिलेले. थेट वजाबाकी करू नये, कारण दोन्ही पेपर सारखे कठीण नसतात. आधी गुणांतून त्या परीक्षेची सरासरी वजा करा, मग प्रमाण विचलनाने, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाने, भागा. सरासरी 70, विचलन 10 असेल तर 75 गुण म्हणजे 0.5. अशा दोन आकड्यांतला फरक मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा काढायचा. एका वर्गावरून निष्कर्ष नको. तीस-चाळीस विद्यार्थ्यांत दोन-तीन जण आजारी पडले तरी आकडा हलतो.

इस्रायलमधल्या शालान्त परीक्षेच्या गुणांवर अर्थतज्ज्ञ व्हिक्टर लावी यांनी अशीच तुलना केली. 2008 साली छापलेला निष्कर्ष अनेकांच्या अपेक्षेच्या उलट होता: ओळखीच्या तपासणीत नुकसान मुलींचं नव्हे, मुलांचं होत होतं.

पण असा सगळा फरक पक्षपाताच्या खात्यावर टाकणं घाईचं आहे. अंतर्गत गुणांत नीटनेटकी वही, वेळेत दिलेला गृहपाठ, वर्गातली शांतताही मुरलेली असते. वर्तनाची नोंद वेगळ्या रकान्यात गेली, की गणिताचे गुण गणिताचे राहतात.

(पडद्यावर: नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक.)

नाव झाकणं सोपं, भाषा झाकणं अवघड. मराठी निबंधात ‘मी गेले’ की ‘मी गेलो’, एवढ्यावर सगळं उघडं पडतं. आत्मकथनाऐवजी उताऱ्यावरचा प्रश्न दिला तर ही गळती बरीच थांबते. हस्ताक्षराचा उपाय टंकलिखित प्रत. खर्च आहे, पण दुसरी वाट नाही.

प्रवेशाचे आकडेही फसवतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीत, 1973 साली पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या पुरुषांपैकी 44 टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी 35. विभागवार पाहिलं तर स्त्रियांविरुद्धचा सरसकट कल दिसेना; त्यांचे अर्ज जिथे प्रवेश मिळणं कठीण, अशा विभागांत जास्त होते. (त्या विभागांत जागा कमी का, हा प्रश्न उरतोच.)

म्हणून तक्ता विभागवार हवा. त्यात अर्ज, लेखी, मुलाखत, निवड. प्रत्येक ठिकाणी मुलं-मुली वेगळे. आणि लेखीचे रकाने दोन: तपासनीसाने लिहिलेले गुण आणि यादीत चढलेले. टोकियोत फरक याच दोन रकान्यांच्या मध्ये होता.