मशीनचा श्वास

नमस्कार श्रोतेहो.

नारळीपौर्णिमा आठवड्यावर आली. समुद्राला नारळ गेला की आपल्याकडे घराघरांत एकच लगबग सुरू होते, गणपतीच्या साफसफाईची. माळ्यावरची जळमटं काढायची, देवघराच्या भिंतीवरून हात फिरवायचा, उन्हाची तिरीप दिसली की गाद्या-उशा बाहेर टाकायच्या. चाकरमानी मंडळी येणार म्हणजे पंधरा माणसांची अंथरुणं निघणार. आणि हल्ली बऱ्याच घरांत याच दिवसांत कपाटावरून व्हॅक्यूम क्लीनरही खाली उतरतो.

त्यानं घर कसं साफ करायचं ते तुम्हाला माहीत आहे. आज मी बोलणार आहे ती त्याच्या स्वतःच्या साफसफाईबद्दल. एक गोष्ट आत्ताच सांगते, आणि पुढेही दोन-तीनदा सांगणार आहे, म्हणजे कानात बसेल. हे मशीन हवेवर चालतं. वीज आतला पंखा फिरवते, पण धूळ उचलते ती हवा. नळीतून हवा आत आली, पिशवीतून आणि फिल्टरमधून गेली, मागून बाहेर पडली, की सगळं ठीक. ही वाट कुठेही अडली की दुखणं सुरू.

मला हे माझ्या मामांनी शिकवलं. सहा वर्षं झाली त्याला.

धाकट्या दिरांनी मुंबईहून आम्हाला मशीन पाठवलं होतं. आमचं गाव पावसच्या पुढे, घर जांभ्याचं, कौलारू. मे महिन्यात आंबा संपला, पाहुणे गेले, तेव्हा मी मशीन पुसून आतल्या खोलीत ठेवलं. नळी मात्र कपाटात मावेना. मग ती पडवीतल्या खुंटीला टांगली आणि विसरले.

श्रावणात काढलं, ओटीवर लावलं, बटण दाबलं. सुरू झालं, पण आवाज भलताच. एरवी घों-घों असा जाड आवाज यायचा, आता चढा, बारीक, किंचाळल्यासारखा. धूळ तर उचलेचना. सातेक मिनिटं चाललं आणि गप्प झालं. वरून हात लावला तर इस्त्रीसारखं तापलेलं. तासाभरानं परत लावलं, परत सात मिनिटं, परत गप्प.

शेजारी म्हणाले, व्होल्टेज कमी असणार. पावसाळ्यात आमच्याकडे दिवे मंदावतात, त्यामुळे आमच्या ह्यांनाही ते पटलं. रात्री साडेअकराला, सगळं गाव झोपल्यावर, आम्ही दोघांनी ओटीवर मशीन लावलं. ट्यूब अगदी लख्ख पेटलेली. सासूबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "गो, रात्रीचा केर काढतात काय? लक्ष्मी जाईल घरातली." मशीन सातव्या मिनिटाला बंद पडलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मशीन मोठ्या पिशवीत घातलं आणि एस.टी.नं रत्नागिरी गाठली. नळी नेली नाही. पाऊस कोसळत होता, गाडीला गर्दी, त्यात ती लांबडी नळी कुठे सांभाळायची? दुकानात मशीन लावलं. श्रोतेहो, अर्धा तास चाललं! सुरेख घों-घों आवाज. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, याला काही झालेलं नाही." दीडशे रुपये दिले, घरी आले, नळी लावली, आणि सात मिनिटांत बंद. चार दिवसांनी परत नेलं. तेव्हा तो म्हणाला, मोटार जात आली असणार, बदलायला अठ्ठावीसशे रुपये होतील, त्यापेक्षा नवीनच घ्या.

हे "नवीनच घ्या" मला मनापासून खटकतं. मिक्सर बिघडला, नवीन घ्या. पंखा अडला, नवीन घ्या. आपल्या आजीनं फुटक्या कळशीला डाख लावून घेतला, छत्रीची काडी बदलून घेतली, तेव्हा वस्तूला घरात वय होतं. माझं तर मत आहे की शाळेत आठवीपासून प्रत्येक मुलाला, आणि मुलीला तर आधी, पेचकस धरायला शिकवावं. तो दुरुस्तीवाला वाईट नव्हता हेही सांगते. मी त्याला अर्धंच मशीन दाखवलं होतं, तो तरी काय ओळखणार?

नारळीपौर्णिमेला मामा आले. मामा म्हणजे मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर तीस वर्षं इंजिन सांभाळलेला माणूस. नारळीभात जेवून ओटीवर टेकले, पानाचा डबा काढला, आणि मी आपली कहाणी सांगितली. म्हणाले, "लाव बघू." मी लावलं. मामांनी डोळे मिटले. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं ऐकलं.

"बंद कर. आता नळी काढ नि लाव."

नळी काढून लावलं. घों-घों.

"परत नळी जोड."

जोडली. किंचाळी.

"ऐकलंस? हवा मिळत नाय, म्हणून पंख्यावर भार नाय. भार नाय, म्हणून वेग चढला. ह्याचा श्वास कोंडलाय गो बाय."

मग त्यांनी डब्यातली एक अख्खी सुपारी घेतली. ह्यांना पायरीवर उभं केलं, नळी ताठ उभी धरायला लावली, मूठ खाली आणि मशीनला जोडायचं तोंड वर. खाली माझा मुलगा ओंजळ करून बसला. मामांनी वरून सुपारी सोडली. खडखड खडखड खडखड करत ती उतरत गेली, आणि मुठीच्या वळणाशी टक्क करून थांबली. आम्ही सगळे वाट बघतोय, मुलाची ओंजळ रिकामीच.

मामांनी माडाच्या झावळीचे चार-पाच हीर दोऱ्यानं बांधले आणि मुठीच्या तोंडातून हळूच आत सारले. जोर केला नाही, नळीला भोक पडलं तर तीही कामातून जायची. जरा ढोसायचं, जरा फिरवायचं, मग नळी उलटी करून थोपटायची. आधी सुपारी आली. तिच्या मागून लाल मातीची ढेकळं. एक, दोन, पाच, सहा. वाळून अगदी कौलासारखी कडक झालेली.

कुंभारीण! पडवीतल्या उघड्या नळीत कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं. मुलानं एक ढेकूळ फोडलं, तर आत नीट गुळगुळीत लिंपलेली कोठडी, आणि तिच्यात कोळी भरलेले. बारीक, हिरवट, पिवळसर, पाय आखडलेले. एकाचा पाय थरथरला तसा तो दचकला. मामा म्हणाले, मेलेले नायत ते, माशीनं डंख मारून बधिर करून ठेवलेत. अंड्यातून अळी निघाली की तिला ताजं खाणं मिळावं म्हणून. मुलानं मोजले, एका कोठडीत अकरा कोळी होते. जी ढेकळं फुटली नव्हती ती त्यानं उचलून फणसाच्या बुंध्याशी कोरड्या जागेत नेऊन ठेवली. मी काही बोलले नाही. तिनंही चिखलाचा एकेक गोळा तोंडातून आणून ते घर बांधलं होतं.

नळी जोडली, बटण दाबलं. घों-घों. सात मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. मामांनी तीच सुपारी धुतली, पुसली आणि अडकित्त्यात धरली.

आता मामांनी सांगितलेलं थोडक्यात. आपल्या घरातल्या बहुतेक सुक्या मशीनमध्ये जी हवा धूळ ओढते, तीच हवा मोटारीवरून जाते आणि तिला गार ठेवते. हवा अडली की मोटार तापते. आत उष्णतेवर चालणारा एक लहानसा स्विच असतो, तो मोटार जळायच्या आधी वीज तोडतो. थंड झालं की परत जोडतो. म्हणून आमचं मशीन सात मिनिटांनी थांबत होतं आणि तासाभरानं चालत होतं. तेव्हा आवाज चढला, धूळ उचलेना, मशीन तापलं, तर बटण बंद करा, प्लग काढा, आणि हवेची वाट कुठे अडली आहे ते तपासा. नळी, पिशवी, फिल्टर. पुन्हा सांगते, नळी, पिशवी, फिल्टर. आणि दुरुस्तीला न्याल तेव्हा नळीसकट न्या.

पिशवी गच्च भरायची वाट बघू नका. पाऊण भरली की रिकामी करा. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ फार बारीक असते, ती पिशवीची भोकं कधी बुजवते ते कळतही नाही. कापडी पिशवी परसात नेऊन, नाकाला पदर लावून झटकायची. कागदी असेल तर टाकून द्यायची, शिवून-चिकटवून परत लावायची नाही.

फिल्टरचं महत्त्व कळायला एक जुनी हकिगत पुरेशी आहे. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा इंजिनिअर होता. त्या काळी धूळ फुंकून उडवणारं यंत्र निघालं होतं. याच्या मनात आलं, फुंकण्याऐवजी ओढली तर? त्यानं एका हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला. १९०१ मध्ये त्यानं आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र इतकं मोठं होतं की घोडागाडीवर रस्त्यात उभं करायचं आणि नळ्या खिडकीतून घरात सोडायच्या. तो रुमाल म्हणजेच आपला फिल्टर. हवा जाऊ द्यायची, धूळ अडवायची.

स्पंजाचा फिल्टर साध्या गार पाण्यात धुवा. पिळू नका, दोन तळव्यांत दाबून पाणी काढा. आणि वाळवा. इथे आपलं कोकण आडवं येतं. मशीनबरोबरच्या पुस्तिकेत चोवीस तास लिहिलेले असतात. ते श्रावणातल्या रत्नागिरीला लागू पडत नाहीत. पंख्याखाली दोन दिवस, कधी तीन. गालाला लावून बघा, जरासुद्धा गार लागला तर अजून ओला आहे. ओला लावलात तर त्यावर धुळीचा चिखल होतो, बुरशी धरते, आणि मशीन लावलं की घरभर कुबट वास सुटतो. चुलीजवळ वाळत घालू नका, काजळी धरते. जमलं तर दोन फिल्टर ठेवा, एक मशीनमध्ये, एक वाळत. हेपा नावाचा घडीघडीचा, कागदासारखा फिल्टर असेल, तर त्यावर धुण्याजोगा असं लिहिलेलं असेल तरच धुवा. नाहीतर बदलायचा.

गणपतीत आणखी एक होतं. रांगोळी, अगरबत्तीची राख, सांडलेलं पीठ, सगळं मशीननं ओढायचा मोह होतो. नका ओढू. ही पूड फिल्टरमध्ये जाऊन बसते. चुलीची राख किंवा आरतीतल्या कापराचं काही तर मुळीच नको, आत निखारा राहिला असेल तर पिशवी पेटेल. दारात सांडलेलं पाणी, निर्माल्याच्या ओल्या पाकळ्या, यांनाही सुकं मशीन लावायचं नाही. त्याला केरसुणी आहे. माझं स्पष्ट मत आहे, मशीन आलं म्हणून केरसुणी माळ्यावर जाऊ नये. खळ्याला हिरांची झाडू, ओटीला केरसुणी, आणि गाद्या, सोफा, तुळयांवरची जळमटं यांना मशीन. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो ते उगीच नाही.

ब्रशाचा रूळ असेल तर तो उलटा करून बघा. केस, दोरे आणि नारळाच्या सोडणाची किशी त्यात अशी गुंडाळते की रूळ फिरेनासा होतो. ओढू नका, कात्रीनं आडवं कापा आणि मग सोडवा. वायर ओढताना पिवळी खूण दिसली की थांबा, लाल खुणेपुढे कधीच नाही. किनाऱ्यावरच्या घरांत खाऱ्या हवेनं प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर येतो, तो कोरड्या फडक्यानं पुसत जा. सैल सॉकेटमध्ये लावू नका. १२०० वॅटचं मशीन सव्वापाच अँपिअरच्या आसपास वीज घेतं, सैल जोडणी तेवढ्यानं तापते.

आणि ठेवताना नळीची दोन्ही तोंडं बांधा. जुन्या पातळाचा तुकडा आणि सुतळी, एवढंच लागतं. आमची नळी अजूनही पडवीतच असते, दोन्ही टोकांना फडकी बांधून. दरवर्षी फणसाजवळ कुंभारणी फिरताना दिसतात, नळीकडे येत नाहीत.

तेव्हा आज दुपारी वेळ काढा. मशीन खाली उतरवा, नळीत सुपारी टाकून बघा, आणि फिल्टर आजच धुवायला घ्या. हरतालिकेच्या आदल्या दिवशी धुतलात तर तो चतुर्थीपर्यंत वाळायचा नाही.

नमस्कार.