वाकळेतले टाके

[दृश्य: पत्र्याची ट्रंक. कडी निघते, झाकण करकरतं.]

आईच्या माघारी ही ट्रंक माझ्याकडे आली. वर दोन सोलापुरी चादरी. त्याखाली भरतकामाचे टेबलक्लॉथ, रुखवतात मांडलेले आणि नंतर टेबलावर कधीच न आलेले. तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधलेली आजीची वाकळ. पुण्यात हिला गोधडी म्हणतात. आटपाडीच्या आमच्या घरात वाकळच.

टेबलक्लॉथ उलगडले आणि हातात जाळी आली. खळ घालून, इस्त्री करून ठेवलेले; कसरीला खळ फार आवडते. जिला कुणी खळ घातली नाही, ती वाकळ शाबूत. फक्त कुबट वास. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. घडीच्या कडेला ट्रंकेच्या गंजाचा एक तांबूस डागही उमटलाय.

[जवळून: वाकळेचा वरचा थर.]

हे आजीचं इरकल. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं लुगडं. अंग सुती, पदर तांबडा रेशमी, त्यावर पांढरी नक्षी. आत आजोबांची धोतरं. जरीच्या साडीवर बोहारीण पातेलं द्यायची. विटलेल्या सुती लुगड्याकडं ती बघायचीही नाही. तिनं नाकारलं, त्याची वाकळ झाली.

आत्या चष्मा लावून जवळ बसते. कडेकडेनं धावदोरा घालत मध्याकडं गेलेल्या ओळींवरून बोट फिरवते. काठाजवळचे टाके तांदळाच्या कणीएवढे. ते आजीचे. एका कोपऱ्यात ते एकदम लांब होतात, ओळ जरा तिरकी जाते.

"ह्ये तुज्या आयचं. लगीन होऊन आली त्या साली. सदा घाई तिला."

वर्षानुवर्षं मी ही वाकळ पांघरली. हे अक्षर मला कधी वाचता आलं नव्हतं.

[दृश्य: ओला पांढरा रुमाल पदरावर दाबला जातो.]

धुवायची का? आधी एका कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून पाहिला. गुलाबी झाला. रंग सुटतोय, म्हणजे पाणी नाही. मशीनचा तर प्रश्नच नाही: भिजलेली वाकळ इतकी जड होते की उचलताना स्वतःच्याच वजनानं टाके तोडते. मऊ ब्रशनं धूळ काढली. बाजेवर पसरून तीन दिवस सावलीत वारा दिला. ऊन दाखवायची आपली जुनी सवय, पण कडक उन्हात रेशीम विटतं.

आता ती ट्रंकेत जाणार नाही. धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात सैल गुंडाळून कपाटात. वेखंडाची पुरचुंडी शेजारी, कापडाला न टेकवता. दर दिवाळीला बाहेर काढून घडी मोडायची आणि नव्या जागी घालायची. त्याच घडीवर राहिलं की कापड तिथंच चिरतं.

[जवळून: आईच्या कोपऱ्यातली उसवलेली ओळ.]

आईचे चार टाके सुटलेत. ते उसवून सगळी ओळ नव्यानं घालता आली असती. कोपरा पक्का झाला असता. मी सुटलेले दोरे तसेच ठेवले आणि त्यांच्या शेजारून सुई घातली.

आत्यानं पांढरा दोरा पुढं केला. मी डब्यातला निळा घेतला.

"उठून दिसंल की गं."

दिसू दे.