तुटक रेघेवरची भिंत

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावाबाहेर एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉटांचा एक लेआउट पडलाय. झकास कमान, कमानीवर दिवे, चारी बाजूंनी सिमेंटच्या फळ्यांची भिंत. या भिंतीला मागच्या अंगाला एक खिंडार आहे. वरच्या फळ्या गायब, खालची तेवढी उरलीय. सकाळी साडेसातला शाळेची पोरं आधी दप्तर पलीकडे टाकतात, मग स्वतः टांग टाकतात. मालकानं फळ्या दोनदा बसवल्या, दोनदा त्या निघाल्या. आता तर कुणीतरी पायरीसाठी सपाट दगडही आणून ठेवलाय.

मी गाव नकाशा काढून पाहिला. खिंडार आहे बरोब्बर तिथूनच एक तुटक रेघ जाते. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेघ असली तर गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. म्हणजे पोरं भिंत ओलांडत नाहीत, भिंतच त्यांच्या वाटेत येऊन बसलीय! लेआउट काढणाऱ्याच्या कागदावर गटाच्या हद्दी होत्या, रेघ नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, कायदा आहे की. आहे. शेताकडं जायची वहिवाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आणि आपल्याकडं सहा महिने तर ‘बघू, बोलू त्यांच्याशी’ म्हणण्यातच जातात. तोवर भिंतीला रंगही लागलेला असतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्लॉटला नंबर पडण्याआधी कागदावर वाट पडली पाहिजे.

जागा कुठून आणायची? जागा द्यावीच लागते हो. साधारण एकरभर, म्हणजे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठा लेआउट असेल, तर नियमाप्रमाणं दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती सुटते कुठं, ते एकदा बघून या. जिथं प्लॉट बसत नाही तिथं, कोपऱ्यातल्या त्रिकोणात. दोन घसरगुंड्या, गाजर गवत आणि ‘उद्यान’ अशी पाटी. त्यातलाच थोडा भाग पट्ट्यासारखा लांबवला, ओढ्याच्या काठानं नेला आणि शेजारच्या लेआउटच्या खुल्या जागेला भिडवला, तर शाळा, एसटीचा थांबा, दूध डेअरी पायी गाठता येते.

1929 साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये रॅडबर्न नावाची वसाहत अशीच आखली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट हे तिचे आखणीकार. मोटार घराच्या मागच्या बाजूनं येणार, पुढचं दार बागेतल्या पायवाटेवर उघडणार, आणि मोठा रस्ता आडवा आला तर पायवाट त्याच्या खालून जाणार. मंदी आली, वसाहत अर्धवटच राहिली. जेवढी झाली तेवढ्यातल्या वाटा मात्र आजही चालत्या आहेत.

पायवाट ठेवली की चोर येतील, ही प्लॉटवाल्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. दोन उंच भिंतींमधली अंधारी, वळणाची बोळ केली तर तिथं दारूच्या बाटल्याच सापडतात. वाट सरळ हवी, या टोकाहून ते टोक दिसायला हवं, कंपाउंड कमरेएवढं आणि कुणाची तरी खिडकी तिकडं उघडणारी. जिथं दिवसभर माणसं चालतात, तिथं चोरालाच भीती. दुसरं म्हणजे वाट ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या ताब्यात रीतसर द्यायची. सोसायटीकडं राहिली, की पहिल्याच सभेत फाटक लावायचा ठराव होतो.

पलीकडच्या गटाची आता मोजणी होणार आहे. तीच तुटक रेघ पुढं त्या गटातून ओढ्यापर्यंत जाते. आम्ही काही जणांनी नकाशाची प्रत जोडून ग्रामपंचायतीत आणि मंजुरी देणाऱ्या कार्यालयात अर्ज दिलाय: वाट कायम ठेवा, मगच प्लॉट पाडा. दोन्हीकडची पोच घेऊन ठेवलीय. मोजणीच्या खुणा अजून रोवायच्या आहेत.

नमस्कार.