सॉफ्ट प्लास्टिकसाठी रॉड घेताय? आधी लुअर तळहातावर घ्या

नमस्कार श्रोतेहो. गळ टाकणाऱ्या सगळ्यांना आज एका नेमक्या प्रश्नावर दोन गोष्टी सांगायच्यात, सॉफ्ट प्लास्टिक लुअरसाठी, म्हणजे मऊ नकली आमिषासाठी, रॉड कुठला घ्यायचा. दुकानात गेलं की ओळीने रॉड उभे असतात, सगळे दिसायला सारखेच, प्रत्येकाच्या दांड्यावर बारीक अक्षरात आकडे छापलेले, आणि आपण ते आकडे न वाचता रॉड हातात घेतो, हवेत दोनदा झटका मारून बघतो आणि म्हणतो, मस्त आहे, द्या हा. त्या झटक्यातून खरं तर काहीच कळत नाही. मला विचाराल तर रॉड हातात घ्यायच्याही आधी तुम्ही जो लुअर टाकणार आहात तो तळहातावर घ्या. त्याचं वजन किती, त्यात हुक कसा बसलाय, तो पाण्यात कसा खेळवायचा, या तीन गोष्टींवरून रॉड ठरतो. उलट्या क्रमाने गेलं की फसगत होते.

आता जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. सॉफ्ट प्लास्टिक म्हणजे ते मऊ, लिबलिबीत, रबरासारखं लागणारं आमिष, कधी गांडुळाच्या आकाराचं, कधी छोट्या माशाच्या, कधी कोळंबी किंवा खेकड्याच्या. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अक्रोन गावात निक क्रीम याने १९४९ मध्ये असं प्लास्टिकचं गांडूळ बनवलं आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. बहुतेक वेळा हे आमिष जिग हेडवर लावतात, म्हणजे शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं आणि त्यालाच जोडलेला हुक.

आणि इथेच खरी गंमत आहे. कडक प्लास्टिकचा क्रँकबेट असतो ना, त्याच्या तोंडाला पट्टी असते, तुम्ही नुसतं रील फिरवलं की तो आपोआप थरथरत, डोलत येतो, त्याला रॉडची फारशी मदत लागत नाही. सॉफ्ट प्लास्टिकचं तसं नाही. पॅडल टेल, म्हणजे वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा लुअर, आणि वळलेल्या शेपटीचे काही लुअर सोडले तर बाकीच्यांना स्वतःची चाल अशी नसतेच, ती तुमच्या मनगटातून, रॉडच्या टोकातून, लाईनमधून तिथे पोचते. हलका झटका दिला की ते उडी मारतं, लाईन थोडी सैल सोडली की खाली बुडायला लागतं, आणि मासा पुष्कळदा ते खाली जात असतानाच घेतो. तेव्हा जोराचा ओढा वगैरे बसत नाही, हाताला नुसतं टक् असं जाणवतं, किंवा तेही नाही, लाईन जराशी बाजूला सरकते किंवा वजन अचानक गायब होतं. पतंग उडवताना मांजावर बोट ठेवलं की वर काय चाललंय ते न बघता कळतं, अगदी तसंच कळायला हवं. म्हणून या कामाच्या रॉडला तीन गोष्टी जमायला पाहिजेत, हलकं वजन नीट फेकणं, खाली काय होतंय ते हातापर्यंत पोचवणं, आणि कळलं की लगेच हुक बसवणं.

पहिलं वजन. प्रत्येक रॉडवर लुअर वेट लिहिलेलं असतं, ग्रॅममध्ये किंवा औंसात, म्हणजे ३ ते १० ग्रॅम किंवा १/८ ते ३/८ औंस असं काहीतरी. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, त्यामुळे १/८ औंस साडेतीन ग्रॅम, १/४ औंस सात ग्रॅम, ३/८ औंस साडेदहा ग्रॅम, एवढं पाठ असलं की पुरतं. पण यात एक चूक मी फार लोकांना करताना बघतो, ते फक्त जिग हेडचं वजन धरतात आणि वरचं प्लास्टिक विसरतात. सात ग्रॅमचं जिग हेड आणि त्यावर चार इंची जाड पॅडल टेल लावलात की एकूण वजन सहज चौदा-पंधरा ग्रॅमच्या आसपास जातं, आणि तुमचा रॉड दहा ग्रॅमपर्यंतचा असेल तर फेकताना तो पार वाकून जातो, नेम राहत नाही, जोर लावला तर मोडूही शकतो. जिग हेड नसतानाही हेच होतं, तो जाडसर काडीसारखा पाच इंची स्टिक वर्म असतो, ज्याच्या प्लास्टिकमध्ये मीठ मिसळलेलं असतं, तो काहीही शिसं न लावता नुसताच नऊ-दहा ग्रॅम भरतो, लोक त्याला हलका समजून फार नाजूक रॉड घेतात. तेव्हा घरात छोटा वजनकाटा असेल तर आपले नेहमीचे दोन-तीन लुअर जिग हेडसकट मोजा, आणि ते वजन रॉडवर लिहिलेल्या रेंजच्या मधोमध पडेल असा रॉड बघा. रेंजच्या अगदी टोकाला छापील आकडा काहीही म्हणो, तिथे रॉड नीट काम करत नाही.

दुसरं, पॉवर आणि ॲक्शन. हे दोन शब्द दुकानात एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि सगळा घोळ तिथेच होतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी असं ते चढत जातं. ॲक्शन म्हणजे जोर लावल्यावर तो कुठे वाकतो. फास्ट असेल तर वरचा साधारण तिसरा हिस्सा वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो, मॉडरेट असेल तर अर्ध्यापर्यंत वाकतो, स्लो असेल तर पार मुठीपर्यंत. आणि यात कंपन्या-कंपन्यांत एकवाक्यता नाही, एकाचा मीडियम तो दुसऱ्याचा मीडियम लाइट निघतो, म्हणून लेबलपेक्षा ग्रॅमच्या आकड्यावर आणि आपल्या हातावर भरवसा ठेवा.

सॉफ्ट प्लास्टिकसाठी बहुतेक वेळा फास्ट ॲक्शन लागते, यात मला शंका नाही. टोक चपळ असेल तर छोटा झटका लुअरपर्यंत छोटाच पोचतो, आणि मासा लागला की टोक वाकून लगेच खालचा ताठ भाग कामाला येतो. स्लो रॉडमध्ये तुमचा झटका रॉडच गिळून टाकतो. पण पॉवर किती, हे मात्र हुक कसा लावलाय त्यावर आहे आणि याकडे लोक अजिबात बघत नाहीत. जिग हेडवर हुकचं टोक उघडं असेल, तार बारीक असेल, तर तो थोड्याशा ताणानेही बसतो, तिथे मीडियम लाइट किंवा लाइट रॉड उत्तम. पण टेक्सास रिग केलात, म्हणजे पाणवनस्पतीत किंवा बुडालेल्या फांद्यांत अडकू नये म्हणून हुकचं टोक प्लास्टिकच्या आत लपवलं, तर ते टोक आधी प्लास्टिक फाडून बाहेर यायला हवं आणि मग माशाच्या जबड्यात शिरायला हवं, शिवाय हुक झाल्यावर मासा त्या गवतात घुसायच्या आत त्याला बाहेर ओढायचंय. तिथे मीडियम हेवी लागतो, नाजूक रॉड तिथे वाकतच राहतो आणि हुक आत जात नाही.

पॅडल टेल हा मात्र अपवाद आहे. तो एकसारखा रील करत आणायचा असतो, मासा मागून येतो, तोंडात घेतो आणि वळतो, आणि त्या वळण्यातच हुक बसतो, तुम्ही घाईने झटका दिलात तर लुअर त्याच्या तोंडातून बाहेर येतो. तिथे थोडा मवाळ, मॉडरेट फास्ट रॉड जास्त चांगला, आणि ब्रेड लाईन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली, असेल तर नक्कीच. कारण ब्रेड ताणली जात नाही, नायलॉनसारखी लवचिक नाही, ताठ रॉड आणि ब्रेड असं एकत्र आलं की मऊ तोंडाच्या माशाचं तोंड फाटून हुक निसटतो. तेव्हा रॉड निवडताना लाईन कुठली लावणार हे आधी ठरवा, बारीक ब्रेड आणि पुढे लुअरजवळ फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे जोडलेला छोटा तुकडा, ही जोडी मला या कामाला सगळ्यात योग्य वाटते, कारण ब्रेडमधून खालची हालचाल स्पष्ट येते आणि फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा जड असल्याने बुडतो, दगडावर घासलं तरी टिकतो.

लांबीवर फार वेळ घालवत नाही. सात फूट हा बहुतेकांना चालतो. काठावरून लांब फेकायचं असेल, पाण्यात बरीच लाईन पडलेली असेल, तर सात-साडेसात फूट, लांब रॉड एका झटक्यात जास्त सैल लाईन गोळा करतो. झाडांखालून, कयाकमध्ये बसून टाकायचं असेल तर साडेसहा फूट. स्पिनिंग, म्हणजे रॉडखाली लटकणारं, फेकताना स्पूल (लाईनची रीळ) न फिरणारं रील, की बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणारं, फेकताना स्पूल फिरणारं रील, तर सात ग्रॅमच्या खाली सरळ स्पिनिंग घ्या, बेटकास्टरला हलक्या वजनात स्पूल फिरवायला जड जातं आणि गुंता होतो, दहा ग्रॅमच्या पुढे मग आवडीप्रमाणे.

आता मटेरियल. पूर्वी फायबरग्लास होता, ग्रॅफाइटचे रॉड १९७३ मध्ये फेनविक कंपनीने आणले आणि हलक्या लुअरची मासेमारी त्याने पार बदलून गेली, कारण ग्रॅफाइट वजनाला कमी आणि ताठ. आज रॉडवर आयएम ६, आयएम ७, किंवा २४ टन, ३० टन, ४० टन असं लिहितात, आणि विकणारा सांगतो की आकडा मोठा तेवढा रॉड मजबूत. असं नाहीये. टनांचा आकडा ताठपणाचा आहे, मजबुतीचा नाही, आणि आयएम हे फायबरच्या प्रकाराचं व्यापारी नाव आहे. ताठ फायबर असेल तर कमी मटेरियलमध्ये काम होतं, रॉड हलका होतो, बारीक टिचकी पण हाताला जाणवते, पण त्याची भिंत पातळ असते, होडीच्या कडेवर आपटला किंवा जड जिग हेड त्यावर आदळलं की बारीक तडा जातो, आणि मग एक दिवस साध्या माशावर मोडतो. नवशिक्याला मी मधला ग्रॅफाइट घ्या असंच सांगेन. आणि एक महत्त्वाचं, ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, त्यातून वीज वाहते. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे रॉड उभा धरून चालू नका, आणि आभाळात गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून पाण्यापासून लांब जा, मासा लागत असला तरी.

गाईड म्हणजे लाईन जाते त्या कड्या. आतली रिंग सिरॅमिकची असते, चांगल्या रॉडमध्ये सिलिकॉन कार्बाईडची. घेताना खिशात कापसाचा बोळा ठेवा आणि प्रत्येक कडीच्या आतून फिरवा, कापसाचा धागा कुठे अडकला तर तिथे चीर आहे, ती चीर ब्रेडला कापत राहील. टोकाकडच्या कड्या जितक्या हलक्या तितकं टोक जिवंत राहतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तोल, आणि माझ्या मते पैसे याच्यावर घालावेत. सॉफ्ट प्लास्टिकमध्ये रॉड दिवसभर हातात असतो, टोक वर धरून, लाईनकडे बघत. टोकाकडे जड असलेला रॉड धरलात की मनगट थकतं, आणि थकलेल्या हाताला ती बारीक टिचकी कळत नाही. म्हणून आपलं रील बरोबर घेऊन जा, २५०० साइझचं असेल तर सात फुटी स्पिनिंग रॉडला साधारण जुळतं, ते लावा, आणि रील सीटच्या, म्हणजे रील बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे एका बोटावर रॉड तोलून बघा. तिथे किंवा तिथून इंचभर पुढे तोल आला तर ठीक, टोक धाडकन खाली गेलं तर दुसरा रॉड बघा. मागची मूठ पण तपासा, फार लांब असेल तर खाली झटके देताना ती कोपराखाली, हाताला आपटत राहते, याचा दिवसभरात फार वैताग येतो.

दुकानात टोक हाताने धरून वाकवू नका, टोक मोडायचा तो हमखास उपाय आहे. लाईन कड्यांतून ओवा, दुसऱ्या कुणाला तरी लाईनचं टोक जमिनीजवळ धरायला सांगा आणि हळूहळू रॉड उचला, तो कुठून वाकायला लागतो ते तेव्हा दिसतं. आणि पाण्यावर मासा जवळ आला की रॉड डोक्याच्या मागे नेऊन उचलू नका, मूठ आणि लाईन यांच्यात काटकोनापेक्षा कमी कोन झाला की सगळा भार पातळ टोकावर येतो. चांगले रॉड जास्तीत जास्त असेच मोडतात.

रॉड घेतलात की पहिल्या दिवशी मासा धरायचा नाद थोडा बाजूला ठेवा. जिथे तळ कसा आहे हे तुम्हाला माहीत आहे अशा जागी सात ग्रॅमचं जिग हेड टाका, प्लास्टिक लावून, आणि तळाला टेकू द्या. मग हळूच ओढत आणा. वाळूवर ते गुळगुळीत सरकतं, चिखलात रुतून जड होतं, दगडांवर टकटक करत येतं, गवतात आधी ओढ बसते आणि मग सुटतं. डोळे मिटून ओळखता येतंय का बघा. वाळू आणि दगड वेगळे कळत नसतील तर लगेच रॉडला दोष देऊ नका, नायलॉन लावलं असेल तर आधी तिथे बारीक ब्रेड लावून परत टाकून बघा, वारा असेल तर टोक पाण्याजवळ खाली आणा म्हणजे लाईनला झोळ पडणार नाही, आणि एवढं करूनही हात गप्पच असेल, तर मग तो रॉड जड लुअरसाठी ठेवा आणि सॉफ्ट प्लास्टिकसाठी एक पायरी हलका बघा.