बी भाजणं म्हणजे वाळवणं नव्हे

मित्रहो, आजचा विषय आहे, वाळवलेल्या बियांत पोषणद्रव्यं किती टिकतात. त्याकडे येतोच. पण आधी बरेच दिवस मनात साचलेलं बोलून घेऊ द्या.

लोक बिया वाळवत नाहीत, भाजतात! भोपळा चिरला, बिया काढल्या, की लगेच ओव्हन 180 अंशांवर. जरा तांबूस झाल्या की बरणीत. खमंग लागतात, ताज्या ताज्या जरूर खा. पण त्या टिकतील असं समजू नका. एका स्नेह्यांनी अशीच बरणी मोठ्या कौतुकानं माझ्यापुढे ठेवली. बी हातात घेतली तर वरून खडखडीत. नखानं साल सोललं तर आतला हिरवा मगज मऊ, दाबला की वाकतोय, तुटत नाही. झाकणाच्या आत बारीक थेंब. हसताय, पण किती जणांच्या घरी अशी बरणी आहे? करा हात वर! बघा, निम्मं सभागृह.

होतं काय, की आच एकदम चढली की बाहेरचा थर आधी सुकतो आणि आतला ओलावा कोंडतो. बरणी बंद केली की तोच सावकाश बाहेर पडतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. त्यातल्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते स्वयंपाकाच्या आचेनं पुरतं जात नाही. म्हणून बुरसटलेली बी धुऊन, पुन्हा भाजून खाऊ नका. टाकून द्या.

आणि धुण्याचं राहिलंच. पपईच्या बीवर बुळबुळीत पिशवी असते. चाळणीत पाण्याखाली चोळून ती फोडायचीच. गराची साखर बीला चिकटून राहिली, तर ती लवकर सुकत नाही.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. तर मूळ मुद्दा झटपट सांगतो.

भोपळ्याच्या 100 ग्रॅम वाळलेल्या मगजात साधारण 30 ग्रॅम प्रथिनं आणि 49 ग्रॅम तेल असतं. शिवाय मॅग्नेशियम आणि जस्त भरपूर. खनिजं उष्णतेनं उडून जात नाहीत, त्यांची काळजी नको. काळजी तेलाची. त्यात लिनोलिक आम्ल बरंच असतं, आणि उष्णता, उजेड, हवा मिळाली की तेच आधी खवट होतं. त्याला सांभाळणारं ई जीवनसत्त्वही त्यात खर्ची पडतं. म्हणून बिया एका थरात पसरा, सावलीत, खेळत्या हवेत. यंत्र वापरलंत तर 40 ते 50 अंश पुरे. रोज वजन करा. वजन घटायचं थांबलं आणि मगज टचकन तुटला, की वाळली. मग घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात, शक्यतो फ्रिजमध्ये.

शेवटचं, आणि हे घाईत निसटू देऊ नका. सफरचंद, चेरी, जर्दाळू यांच्या बियांत अमिग्डालिन असतं. चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. वाळवून ते जात नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 मध्ये सांगितलं, की जर्दाळूच्या तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया एका वेळी खाल्ल्या, तर प्रौढ माणूसही सुरक्षित मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. मुलांना तर एक लहान बीसुद्धा जास्त होऊ शकते. या बिया वाळवायच्या यादीत घेऊच नका.