पाकिटाच्या पाठीवरची कविता

पडद्यावर दिसणाऱ्या या कागदाच्या मधोमध तीन सेंटचे एक कोरे टपाल तिकीट चिकटवलेले आहे. तिकिटावर रेल्वेचे इंजिन आहे आणि त्याच्याखालून मासिकातून कापलेल्या दोन बारीक पट्ट्या बाहेर डोकावतात; त्यांतल्या एकीवर 'जॉर्ज सँड' हे फ्रेंच लेखिकेचे नाव वाचता येते. या तिकिटाला वळसा घालत एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांनी जी कविता लिहिली, ती एका कोळ्याविषयी आहे. हे तिकीट 1869 साली निघाले, त्यामुळे कविता त्याआधीची नाही, एवढे तरी निश्चित सांगता येते.

हा कागद अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, अॅमहर्स्ट कॉलेजच्या अभिलेखागारात आहे. कॉलेज 1821 सालचे. एमिलींचे आजोबा त्याच्या संस्थापकांपैकी एक, तर वडील आणि त्यांच्यामागून भाऊ ऑस्टिन हे त्याचे खजिनदार होते. मुलींना मात्र तिथे प्रवेश मिळू लागला 1975 साली, म्हणजे एमिलींच्या मृत्यूनंतर 89 वर्षांनी.

1886 मध्ये त्या वारल्या, तेव्हा धाकटी बहीण लव्हिनिया हिला खोलीत कवितांचा मोठा साठा सापडला. एकूण कविता सुमारे 1,800. हयातीत छापल्या गेल्या त्या जेमतेम दहा. पुष्कळशा कविता त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवून, दुमडलेले कागद एकावर एक ठेवून, कडेला भोके पाडून दोऱ्याने शिवल्या होत्या. अशा 40 वह्या होत्या. संपादनाचे काम हाती घेतलेल्या मेबल लूमिस टॉड यांच्याकडे या वह्यांचे दोरे सुटले आणि पानांचा क्रम गेला. पुढे राल्फ फ्रँकलिन या अभ्यासकाने सुईची भोके, डाग आणि घड्या एकमेकींशी जुळवून तो क्रम परत लावला, आणि 1981 मध्ये वह्यांची प्रतिकृती प्रसिद्ध केली. कागदच उरला नसता, तर नुसत्या छापील मजकुरावरून हे कोणालाही साधले नसते.

सगळे हस्तलिखित एका ठिकाणी नाही, याचे कारण साहित्यिक नसून घरगुती आहे. टॉडबाई आणि विवाहित ऑस्टिन यांचे प्रेमसंबंध होते; ऑस्टिनच्या मृत्यूनंतर जमिनीच्या एका तुकड्यावरून लव्हिनियाने टॉडबाईंना कोर्टात खेचले. खटला हरलेल्या टॉडबाईंनी आपल्याकडचे कागद कापुराच्या लाकडाच्या पेटीत बंद केले आणि ती पेटी 1929 पर्यंत उघडली नाही. घराण्याकडे राहिलेला वाटा 1950 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला गेला. पेटीतला वाटा टॉडबाईंच्या कन्येने 1956 मध्ये अॅमहर्स्टला दिला.

आरंभीच्या संपादकांनी कवितांना शीर्षके दिली, यमके सरळ केली, ओळींतल्या आडव्या रेघा (डॅश) काढून टाकल्या. हस्तलिखितात मात्र एखाद्या शब्दाशेजारी अधिकचे चिन्ह दिसते आणि पानाच्या तळाशी त्याचे दोन-तीन पर्याय लिहिलेले असतात. त्यांतला कोणता पक्का, हे एमिलींनी ठरवलेलेच नाही, आणि संपादकाने ते ठरवून टाकावे हे मला तरी पटत नाही.

आता हा शेवटचा तुकडा पाहा. आशेच्या घराला उंबरा नाही, वासाही नाही, आहे तो फक्त कळस, अशा अर्थाच्या या ओळी त्यांनी वापरलेल्या पाकिटाच्या फाडलेल्या भागावर लिहिल्या आहेत. पाकिटाची त्रिकोणी घडी उघडून, टोक वरच्या बाजूला ठेवलेले आहे, आणि कागदाला उतरत्या छपराच्या घराचा आकार आलेला आहे.